पहिला घोट माझ्या हातानं

१६ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची जळकोटला. हॉस्पिटल हायवेला चिकटूनच आहे. खाली ओपीडी आणि मेडिकल, वर ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड, त्याच्यावर गच्चीत माझी पत्र्याची खोली. दुपारी भट्टी होणार हे दिसतंयच, पण खिडकीतनं सगळा रस्ता दिसतो. एक ट्रक हैदराबादला, एक सोलापूरला. नुसतं बघत बसलं तरी टाइम जाईल.

अब्बांनी ढोकीवरनं मोटरसायकलवर आणून सोडलं. पुढं टाकीवर बादली, बादलीत अम्मीची चटणी, मागं मी, माझ्या मागं गादीची वळकटी. कारखान्याचा सीझन ऐन भरात आहे, तरी उसाचं ट्रॅक्टर एक दिवस उभं ठेवलं त्यांनी. चहाला थांबलो तिथं टपरीवाल्यानं काही विचारलं नव्हतं, तरी ह्यांनी सांगितलंच की पोरगी शिस्टर झालीय, बीएस्सी नर्सिंग. टपरीवाला म्हणाला, मग आता आजारी पडायला मोकळे की तुम्ही, गफारभाई. अब्बा म्हणाले, पहिला पेशंट मीच. आणि स्वतःच इतके हसले की चहा शर्टावर सांडला. जाताना मात्र खाना टैम पे खा, तहरू, एवढंच बोलले आणि हेल्मेटची काच खाली केली. डोळे दिसू नयेत म्हणून. मला काय कळत नाही का.

डॉक्टर दिग्विजय सर भराभर बोलतात. पहिल्याच राउंडला माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडं बोट दाखवून म्हणाले, तू पोटं ऐकायची. पोट उघडून आत हात घातला की आतडं रुसतं, झोपून जातं. ते जागं होईपर्यंत तोंडानं काही म्हणजे काही नाही, पाणीसुद्धा. आधी गुडगुड, मग वारं सरणार, मग पाणी. कॉलेजात हे सगळं शिकले होते, पण इथं आख्खा वॉर्ड त्याच्याच वाटेकडं डोळे लावून बसलाय हे नवीन. नागप्पा म्हणून वॉर्डबॉय आहेत, बॉय कसले, नातवंडांचे आजोबा, आळंदकडचे, मराठीत मधूनच कन्नड घुसतं. ते सांगत होते की सासरच्या माणसांसमोर पादावं म्हणून नवस बोलतात अशी दुनियेत ही एकच जागा. आज दारापाशी असलेल्या आजोबांचं वारं सरलं तर वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. सुनेनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खालून सगळ्यांना चहा मागवला.

लई आवडलं मला इथं.

१८ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या खाटेवर धुरपताबाई म्हणून आज्जी आहेत. माकणीच्या, मेंढरं राखणारं घर. हर्नियात आतडं अडकून काळं पडलं होतं, तेवढा तुकडा काढून सरांनी जोडलंय. नाकातनं नळी, नळीतनं पिशवीत हिरवं पाणी. वय विचारलं तर म्हणाल्या, धरणाचं काम चालू झालं तवा माझं तिसरं पोरगं रांगत हुतं, तूच कर हिशोब. तोंडात एक दात नाही. मला माय म्हणतात. त्यांच्या नातीच्या वयाची मी, तरी माय.

दुपारी काम नव्हतं म्हणून त्यांच्याजवळच स्टुलावर बसून ही डायरी लिहीत होते. म्हणाल्या, माझं नाव कसं दिसतं गं लिवल्यावर? जन्मभर अंगठाच. लिहून दाखवलं. त्यावरनं बोट फिरवत बसल्या. म्हणाल्या, एवढं लांब? मला वाटायचं बारकं असंल.

संध्याकाळी गच्चीतनं चाँद दिसला. उद्यापासनं रोजे.

२० फेब्रुवारी

आज्जींचं आतडं अजून झोपलेलंच. मी ऐकते, काही नाही. पोट फुगलंय, टिचकी मारली की ढोलासारखं वाजतं.

सरांनी मला समजावून सांगितलं. दुखण्याचं जे भारी इंजेक्शन असतं त्यानंच आतडं अजून सुस्त होतं, म्हणून ते बंद करून साधं दिलंय. रक्तात पोटॅशियम कमी निघालं, ते सलाइनमधनं हळूहळू चालू केलंय. आतडं हलवायचं एक इंजेक्शन रोज जातंच. खाटेवरनं उठवून चालवायचं. आणि च्युइंगम! खरंच. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, ते कामाला लागतं. आतड्याला फसवायचं, सर म्हणाले. आज्जींना दात नाहीत, त्या हिरड्यांनीच मचमच करत चघळतात. नागप्पा म्हणाले, आज्जे, रवंथ बेस चाललंय. आज्जी म्हणाल्या, मेंढरात जल्म गेला, शिकले तेवढं.

दिवसभर पाणी मागतात. माय, घोटभर. माय, घोटभर दे गं. मी ओल्या कापसानं ओठ पुसते, तर कापूसच चोखायला बघतात. शेवटी म्हटलं, आज्जी, माझा पण रोजा आहे, मी पण सकाळपासनं पाण्याला शिवले नाही, आपण दोघी बरोबरच. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, तुझा दिस सांजच्याला बुडतो की. माझा बुडंना.

हात धरून सांगितलं की तुमचं पोट चालू होऊ दे, पहिला घोट मी माझ्या हातानं देणार. त्यांनी माझ्याकडनं पुन्हा म्हणवून घेतलं. कबूल? कबूल.

इफ्तारीला वॉर्डातच उभ्यानं पाणी प्यायले. आज्जी बघत होत्या. मी गिळलं तसा त्यांचा गळा हलला. माझ्या प्रत्येक घोटाबरोबर. उद्यापासनं खोलीत जाऊन पिणार.

२२ फेब्रुवारी

आज्जींचा मुलगा, बिरदेव, तांब्या घेऊन आला होता शर्टाच्या आत लपवून. पकडला मी. हिसकावून घेतला. लई बोलले त्याला. आईला मारायचंय का, म्हटलं, पाणी पोटात जाऊन बसणार, उलटी झाली तर छातीत जाणार. तो दाढीचं खुट्टं खाजवत ऐकून घेत होता, मग हळूच म्हणाला, शिस्टर, म्हातारं माणूस हाय, काय बरंवाईट झालं आन् तोंडात पाणी न्हाय पडलं तर? म्हटलं असं अभद्र कशाला बोलायचं. नागप्पांनी तांब्या रिकामा केला खिडकीतनं.

सरांनी शाबासकी दिली मला. उद्या आतडं चालू करायचं जोरातलं इंजेक्शन देऊन बघायचं म्हणाले, निओस्टिग्मिन. त्यानं नाडी एकदम कमी होऊ शकते म्हणून मॉनिटर लावून, शेजारी उताऱ्याचं इंजेक्शन भरून ठेवूनच देतात. कुठं अडथळा नाही ना हे एक्स-रेत बघितलंय.

२३ फेब्रुवारी

धुरपताबाई गेल्या.

इंजेक्शन नीट झालं होतं. नाडी थोडी खाली आली आणि परत वर आली. मी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बसले होते आणि आली. गुडगुड आली. बारीक, लांबनं मोट चालल्यासारखी. मी ओरडलेच. आज्जी हसल्या. म्हणाल्या, मग आता घोटभर? मी म्हटलं, सरांना विचारून येते, दोन मिनिटं. बिरदेव खाली मेडिकलला गेला होता.

सर म्हणाले, वारं सरू दे, मग.

परत आले तर त्यांना धाप लागली होती. पायातनं रक्ताची गाठ सुटून छातीत गेली असं सर नंतर म्हणाले, कुणाच्या हातात नसतं. आम्ही छाती दाबत होतो. स्टुलावर माझाच ग्लास होता, ओठ पुसायचा, पाण्यानं भरलेला. मला दिसत होता. मी छाती दाबत होते.

बिरदेव आला. भांडला नाही, ओरडला नाही. एकच विचारलं, तोंडात पाणी पडलं का? मी नाही म्हणून मान हलवली. तो खाली बसला फरशीवर. मग उठून त्यानं त्या ग्लासातलं पाणी चमच्यानं घातलं. गालाच्या कडेनं उशीवर आलं सगळं.

आज इफ्तारीला नुसत्या खजुरावर रोजा सोडला.

२६ फेब्रुवारी

नळदुर्गचे पानवाले आहेत, महांतप्पा. पित्ताशय काढलंय. आले तेव्हा सगळ्या वॉर्डाला हसवत होते, मला म्हणाले, शिस्टर, माझ्या वाऱ्याला बनारसी पानाचा वास येणार बघा. त्यांना खिडकीची खाट दिलीय. दोन दिवस झाले, पोट गप्प. असं होतं कधीकधी. सगळी औषधं चालू आहेत.

पण ते तोंड हलवत असतात. मला वाटलं च्युइंगम. म्हटलं, आ करा. तोंडात काहीच नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस दात असलेला माणूस, ओठ आत ओढून, हिरड्यांवर हिरड्या घासल्यासारखं.

दुपारी लाइट गेली. पंखे बंद पडले, मॉनिटर बॅटरीवर गेला, रस्त्यावर पण नेमका एकही ट्रक नव्हता. त्या शांततेत महांतप्पा म्हणाले, माय, घोटभर. पुरुषाचाच आवाज. पण घोटभरमधला तो शेवटचा भर जसा लांबवून, जसा खाली सोडून –

नंतर विचारलं तर म्हणाले, डोळा लागला होता, मेंढरं दिसत होती सपनात, पान्यावर न्यायची राहिली होती. त्यांनी जन्मात मेंढी पाळलेली नाही.

ऊन लागतं म्हणून त्यांच्या बायकोनं दाराजवळची खाट मागून घेतली. हलवलं. संध्याकाळच्या आत वारं सरलं. काय टाळ्या पडल्या. माझे हात उठले नाहीत.

२७ फेब्रुवारी

खिडकीची खाट रिकामी होती. चादर बदलताना काय मनात आलं कुणास ठाऊक, गादीवर स्टेथोस्कोप ठेवला.

कोरडा आवंढा गिळल्याचा आवाज. थोडं थांबून परत.

माझंच असेल. उपाशी पोट, रिकामा घसा. म्हणून श्वास धरून ऐकलं. गादीवर ठेवला की येतो, उचलला की बंद.

नागप्पांना सांगितलं. म्हणाले, खाटेला आतडं असतं तर ते पण मलाच धुवायला लावलं असतं सायबानं. हसले. पण तासाभरानं बघितलं तर त्यांनीच त्या खाटेजवळच्या स्टुलावर पाण्यानं भरलेला ग्लास आणून ठेवला होता. संध्याकाळी ग्लास तसाच भरलेला. नागप्पांनी खिडकीतनं ओतला आणि म्हणाले, सरांला बोलू नका, सिस्टर.

मला माहितीय. ग्लास नकोय त्यांना. माझा हात पाहिजे. मी कबूल केलं होतं.

२८ फेब्रुवारी

अब्बा.

अपेंडिक्स फुटलंय. दोन दिवस पोटात दुखत होतं आणि ह्या माणसानं रोजा धरून उसाच्या खेपा मारल्या. दुखण्याची गोळी नको, रोजा तुटतो. सकाळी ट्रॅक्टरवरनं उतरताच आलं नाही. धाराशिवचं सरकारी हॉस्पिटल वाटेत होतं. तिथं नेतो म्हटलं तर अब्बा ऐकेनात, पोरीकडंच चला, पोरीकडंच, असं अम्मी सांगत होती. तेवढा लांबचा रस्ता, जीपमध्ये आडवं पडून. स्ट्रेचरवरनं मला बघून हसले. म्हणाले, बोला था ना, पहिला पेशंट मैं.

लगेच घेतलं आत. पोटभर पू होता. सरांनी धुऊन काढलं सगळं. वाचतील म्हणाले.

मॉनिटर खिडकीच्या खाटेजवळच आहे. मी सरांच्या हातापाया पडले, दुसरी द्या. ऑक्सिजनचा पॉइंट पण तिथंच आहे, सर म्हणाले, तहरीम, तू नर्स आहेस ना?

२ मार्च

पोट गप्प.

पू झालेल्या पोटात असं होणारच, चार दिवस लागतील, सर म्हणतात. बरोबर आहे. पुस्तकात तेच आहे. पोटॅशियम चालू, इंजेक्शन चालू, भारी पेनकिलर बंद. मी आणि अम्मी दोन बाजूंनी धरून चालवतो. खाटेवरनं उतरून व्हरांड्यापर्यंत गेलं की अब्बा अब्बाच असतात. ट्रॅक्टर कोण चालवतंय, डिझेल चोरेल का, माझ्या खोलीला पंखा आहे का. परत खाटेवर टेकले की गप्प होतात. आणि तोंड हलायला लागतं.

अम्मीच्या पिशवीत मक्केच्या झमझमच्या पाण्याची बारीक बाटली आहे, मामू हजवरनं आले तेव्हाची. मी म्हटलं, दोन थेंब ओठांना लावू का. तिनं पिशवी छातीशी धरली. ते पाणी कधी तोंडात घालतात माहिती नाही का तुला, म्हणाली. मी मनात म्हटलं, ती बाटली उघडायची नाही. मी असेपर्यंत नाही.

बिरदेवच्या घरात पण तेच, आमच्यात पण तेच. शेवटी तोंडात पाणी.

३ मार्च

अब्बांनी मला माय म्हटलं.

घरात आम्ही दखनीत बोलतो. अब्बा मराठी बोलतात ते बाहेरच्यांशी, ते पण अडखळत. आज दुपारी लाइट गेली आणि अब्बा सरळ, न अडखळता, डोळे मिटून म्हणाले, माय, तू कबूल झाली हुतीस. दिस बुडंना गं माजा.

अम्मी म्हणाली, ताप डोक्यात गेलाय.

ताप नव्हता. मी बघितला. नव्हता.

४ मार्च

निओस्टिग्मिन दिलं. माझ्या हातानं नाही, मी देऊ शकले नाही, सरांनी दिलं. नाडी लई खाली गेली. उतारा द्यावा लागला. मी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बसले होते.

आवाज आला.

गुडगुड नव्हती ती. पिण्याचा आवाज होता. घट, घट. कुणीतरी लई दिवसांनी पितंय असा. पण कोरडा. पाणी नसताना पिण्याचा.

सरांच्या कानाला लावून दिलं. म्हणाले, काहीच नाही की, शांत आहे. पोट अजून फुगलंय. नळीतनं आता गढूळ येतंय. उद्या दुपारपर्यंत नाही झालं तर परत उघडावं लागेल. अब्बांच्या हृदयाला ते झेपेल का, म्हटलं. सर माझ्याकडं न बघता हात धूत राहिले.

बिरदेवला फोन लावला. आज दहावा होता त्यांच्याकडं. धरणाच्या काठाला घास ठेवलेत, कावळा शिवला नाही. काय काय बोलला तो, मेंढरं इकणार न्हाय, धाकल्याला सांभाळीन, सगळं कबूल केलं. फांदीवर बसून राहिला कावळा. शेवटी दर्भाचा शिववला. फोनवर रडत होता.

५ मार्च, सकाळ

रात्रभर ह्याचाच विचार.

पहिला घोट माझ्या हातानं. म्हातारीला तेवढंच पाहिजे. देऊन टाकावा. पण तोंड अब्बांचं आहे. अब्बांच्या तोंडात आज पाणी घातलं तर नुसती उलटी नाही, छातीत नाही – ते शेवटचं पाणी होईल. तिचं राहिलेलं. तिचं शेवटचं पाणी अब्बांच्या तोंडात. ती जाईल आणि जाताना –

नाही.

तोंड दुसरं पाहिजे.

त्या खाटेवर झोपेल त्याचं ती घेते ना.

५ मार्च, दुपार

अब्बांना चालवायला उठवलं. नागप्पा आणि अम्मी धरून व्हरांड्यात घेऊन गेलेत, खुर्चीत बसवा म्हटलंय, लगेच आणू नका. नागप्पांनी माझ्याकडं बघितलं, खाटेकडं बघितलं.

मी खाटेवर बसलेय. पाय वर घेतले. एका हातात ग्लास, दुसऱ्यात पेन, डायरी मांडीवर. रोजा तुटणार. अल्ला माफ कर. गादी गरम आहे.

आडवी झाले. वरच्या पंख्याला तीन पाती आहेत. लाइट गेली. गेलीच बघा.

जबडा हलतोय. मी हलवत नाहीये.

तहान – रोज्याची नाही ही. मला रोज्याची तहान माहिती आहे, ती संध्याकाळची वाट बघते. हिला संध्याकाळच नाही.

आज्जी. ह्या माझ्या हातानं.

प्यायले.

अल्ला, किती गोड पाणी

५ मार्च

टाळ्या. व्हरांड्यात टाळ्या. नागप्पा ओरडतायत, सुटला रे सुटला, गफारभाईंचं सुटलं. अम्मी रडतीय, हसतीय. अब्बा. सुटलं. झालं, सुटले माझे अब्बा. ऑपरेशन नाही आता. सर धावत गेले. गुडगुड आहे म्हणाले, मस्त आहे, दोन घोट पाणी द्या.

मी उठते. जाते त्यांच्याकडं.

उठवंना.

एका घोटानं काय होतंय. इतक्या दिसाची – अजून घोटभर. ग्लास रिकामा. आज्जी, एकच कबूल केला होता मी. पहिला. एकच म्हटलं –

माय, पहिला म्हंजी त्याच्या मागनं दुसरा येतोच की.

माझं नाव तहरीम गफार. ढोकी. तहरीम गफार, ढोकी. अब्बांचं ट्रॅक्टर निळं. अम्मीची चटणी. बीएस्सी. तहरीम गफ

अक्षर वाकडं येतंय. बोटं जाड झाल्यात.

म्हाताऱ्याला खुर्चीसकट आनलंय हितं. चांगला माणूस दिसतुया, दाढीवाला. लई रडतुया. मला कायतरी म्हनतुया, तहरू, तहरू. कोन तहरू. त्याची बाईल बी माझा हात धरून बसलीया. गरीब हाय. कुनाची लेक गेली आसंल.

त्यो सगळ्यांना सांगतुया का पानी पिनार तर पोरीच्याच हातानं, पहिला घोट तिच्याच हातचा. गिलास त्यानं माझ्या हातात दिलाय. तोंड आ करून बसलाय बारक्या पोरावानी. वाट बगतुया.

पानी गार हाय. लई गार हाय.

म्याच पेले.

त्यो अजून आ करूनच –

आता हे कसं लिवायचं, हे गोल गोल काय हाय, म्या कवा शिक